काचेच्या पेटीआधीचे नऊ महिने

‘बाळाला पेटीत ठेवले आहे’ हे वाक्य आता मराठी घरांना अपरिचित राहिलेले नाही. मोठ्या शहरांतच नव्हे, तर जिल्ह्याच्या गावीही नवजात अर्भकांसाठी अतिदक्षता विभाग उघडले गेले आहेत, आणि काचेच्या पेटीत नळ्या लावलेले इवलेसे मूल पाहण्याचा प्रसंग कोणत्याही कुटुंबावर येऊ शकतो. अशा वेळी घरात दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. कोणी म्हणते, ‘दैवात होते ते झाले.’ कोणी म्हणते, ‘हिनेच काळजी घेतली नाही.’ पहिल्या उद्गारात सगळी जबाबदारी दैवावर जाते. दुसऱ्यात ती सगळी एकट्या आईच्या माथी येते. माझ्या मते हे दोन्ही उद्गार सारखेच अन्यायाचे आहेत. मूल पेटीत जाण्याची कारणे बहुधा त्या आधीच्या नऊ महिन्यांत असतात. त्यांतली बरीचशी साध्या तपासणीने ओळखू येतात, आणि ती ओळखण्याचे काम एकट्या आईचे नसते. या भाषणात मला एवढेच सांगावयाचे आहे.

त्यासाठी उदाहरण म्हणून मी चेन्नई शहर निवडले आहे. मराठी माणसाला हे शहर परके नाही. तंजावरच्या दरबाराशी नाते सांगणारी मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. परंतु ते निवडण्याचे कारण निराळे आहे. गर्भारपणातील धोका ओळखण्याचे शास्त्र कसकसे वाढत गेले, हे चेन्नईतील दोन-तीन रुग्णालयांच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते.

प्रथम, पेटीत कोणती मुले जातात ते पाहू. सर्वांत मोठा वर्ग दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्यांचा. गर्भाची सदतीस आठवडे पूर्ण होण्याच्या आत जन्मलेल्या मुलास अपुऱ्या दिवसांचे मूल म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लक्ष मुले जन्मली, आणि त्यांतील ३० लक्षांहून अधिक एकट्या भारतात. दुसरा वर्ग दिवस भरलेल्या, पण वजन अडीच किलोहून कमी असलेल्या मुलांचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ज्यांच्या वजनाची नोंद होती अशा मुलांपैकी शेकडा अठरांचे वजन अडीच किलोहून कमी आढळले. तिसरा वर्ग जन्मतःच श्वास कोंडलेल्या, जंतुसंसर्ग झालेल्या, रक्तातील साखर उतरलेल्या, तीव्र कावीळ झालेल्या किंवा अवयवांत व्यंग असलेल्या मुलांचा. पेटी या मुलांना ऊब देते, यंत्रे श्वासाला आधार देतात, आणि परिचारिकांची अष्टौप्रहर नजर त्यांचे रक्षण करते. या विद्येची प्रगती किती झाली आहे, याची कल्पना एका गोष्टीवरून येईल. १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पाच-साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि फुप्फुसे अपरिपक्व असल्यामुळे एकोणचाळीस तासांत दगावला. त्याच आठवड्यांचे मूल आज चांगल्या रुग्णालयात बहुधा वाचते. तथापि पेटी हा उपचाराचा शेवटचा टप्पा आहे. पहिला टप्पा आईच्या तपासणीचा.

हा विचार तसा फार जुना नाही. मद्रासमध्ये १८४४ साली प्रसूतिगृह स्थापन झाले, ते पुढे एग्मोर भागात गेले, आणि आज शासकीय स्त्री व बाल रुग्णालय म्हणून ते प्रसिद्ध आहे. पण त्या काळी तेथेच काय, युरोपातही प्रसूतिगृह म्हणजे कळा सुरू झाल्यावर जाण्याचे ठिकाण होते. प्रसूतीपूर्वी महिनोन्‌महिने गर्भिणीची देखरेख करावी, ही मागणी एडिंबरोच्या डॉ. बॅलंटाइन यांनी १९०१ साली जोराने मांडली. एग्मोरच्या रुग्णालयाचे पहिले भारतीय अधीक्षक डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांनी १९३८ साली प्रसूतिशास्त्रावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यावर भारतातील डॉक्टरांच्या अनेक पिढ्या वाढल्या. माध्यमिक शिक्षणाच्या मुदलियार आयोगामुळे हे नाव आपल्याला शिक्षणाच्या संदर्भात आठवते. मुळात ते एका प्रसूतितज्ज्ञाचे नाव आहे.

चेन्नईचे दुसरे रुग्णालय ट्रिप्लिकेन भागातले. पडद्यात राहणाऱ्या स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जात नसत, त्यांच्यासाठी डॉ. मेरी शार्लिब यांच्या प्रयत्नाने १८८५ साली ते निघाले. ‘गोषा’ म्हणजे पडदा, म्हणून लोक त्याला गोषा रुग्णालय म्हणत. आज त्याला कस्तुरबा गांधींचे नाव आहे. या रुग्णालयाचा आणि आपल्या मुंबईचा एक धागा आहे, तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. लूसी विल्स नावाच्या इंग्रज स्त्री-डॉक्टर १९२८ साली मुंबईस आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गर्भारपणात एक विलक्षण पांडुरोग होई. रक्त इतके उतरे की आई आणि मूल दोघांचाही जीव धोक्यात येई. या स्त्रियांच्या आहारात काही तरी उणे आहे, असा डॉ. विल्स यांचा तर्क होता. मुंबईत, नंतर कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत आणि मद्रासच्या या गोषा रुग्णालयात त्यांनी काम केले, आणि यीस्टच्या स्वस्त अर्काने हा रोग हटतो, असे १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात द्रव्य पुढे १९४० नंतरच्या दशकात फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. आज गर्भवतीला लोहाबरोबर जी गोळी मिळते, तिच्या मागे मुंबईच्या गिरणी-कामगार स्त्रियांची ही कहाणी आहे.

पांडुरोगाचा बाळाशी संबंध सोपा आहे. गर्भाला लागणारा प्राणवायू आईच्या रक्तातून वारेमार्फत पोहोचतो. रक्तातील लोहयुक्त द्रव्यच कमी असेल, तर मूल अपुऱ्या शिध्यावर वाढते. ते लहान राहते, वेळेआधी जन्मते, आणि प्रसूतीत थोडा रक्तस्राव झाला तरी आई कोसळते. वर उल्लेखिलेल्या पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गर्भवतींना पांडुरोग आढळला. महाराष्ट्र आणि तमिळनाडू यांचे आकडे शेकडा पन्नासाच्या थोडेच खाली होते. फॉलिक आम्लाचे आणखी एक कार्य १९९१ साली ब्रिटनच्या वैद्यक संशोधन परिषदेच्या चाचणीने सिद्ध झाले. ज्या स्त्रीला मेंदू किंवा पाठीचा कणा सदोष असलेले मूल पूर्वी झाले होते, तिने गर्भ राहण्यापूर्वीपासून या गोळ्या घेतल्या, तर तेच व्यंग पुन्हा येण्याचा धोका शेकडा बहात्तरांनी घटला. गर्भाचा हा भाग पहिल्या चार आठवड्यांतच मिटून पुरा होतो. पुष्कळदा तोवर आईला दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून ही गोळी मूल हवे असे ठरवताच सुरू करावयाची असते.

यानंतरचा धडा साखरेचा, आणि त्यात चेन्नईने सबंध देशाला वाट दाखविली आहे. गर्भारपणात वारेतून निघणाऱ्या द्रव्यांमुळे आईच्या इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. काही स्त्रियांचे शरीर जास्त इन्सुलिन निर्माण करून तोल सांभाळते. काहींना ते साधत नाही. त्यांची साखर वाढते. ती वार ओलांडून गर्भात जाते, पण आईचे इन्सुलिन मात्र पलीकडे जात नाही. गर्भ मग स्वतःचे इन्सुलिन भरमसाट निर्माण करतो, आणि मूल वाजवीपेक्षा स्थूल होते. अशा बाळाचा खांदा प्रसूतीत अडकू शकतो. त्याची फुप्फुसे पक्व होण्यास विलंब लागतो. आणि नाळ कापताच साखरेचा पुरवठा तुटतो, इन्सुलिन मात्र शिल्लक राहते. त्यामुळे रक्तातील साखर एकाएकी उतरते. पाहणाऱ्याला गुटगुटीत वाटणारे मूल पेटीत का जाते, त्याचे उत्तर हे आहे.

चेन्नईचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. व्ही. शेषय्या यांनी या प्रश्नाचा ध्यास घेतला होता. त्यांच्या गटाने तमिळनाडूत हजारो गर्भवतींची पाहणी करून २००८ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत शहरात शेकडा १७·८, निमशहरी भागात १३·८ आणि खेड्यांत ९·९ स्त्रियांना गर्भारपणातला मधुमेह आढळला. वर म्हणजे जिला बाहेरून कसलीही तक्रार नाही, अशी स्त्रीही त्यांत असे. तेव्हा लक्षणांची वाट न पाहता प्रत्येकीची तपासणी करणे प्राप्त होते. पण दूरवरच्या खेड्यातून आलेल्या स्त्रीला ‘उद्या उपाशीपोटी या’ असे सांगितले, तर ती उद्या येईलच असे नाही. डॉ. शेषय्या यांनी पुरस्कारिलेली पद्धत ही अडचण ओळखूनच घडलेली आहे. स्त्री जेवून आली असो वा उपाशी असो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजावयाचे आणि दोन तासांनी रक्त तपासावयाचे. १०० मिलिलिटरमागे साखर १४० मिलिग्रॅम किंवा अधिक भरली, तर उपचार सुरू करावयाचे. पहिल्या भेटीत ही तपासणी करावी, आणि ती ठीक आली तरी चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करावी. तमिळनाडू शासनाने २००७ साली ही तपासणी सर्व गर्भवतींसाठी आवश्यक केली. केंद्र शासनाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत तीच पद्धत आली. प्रशासनात काम करणाऱ्या माझ्यासारख्याला यातला एक भाग विशेष मोलाचा वाटतो. शास्त्रज्ञाने गरिबाच्या पायपिटीचा विचार करून तपासणी सोपी केली, आणि शासनाच्या एका आदेशाने ती आरोग्य केंद्राच्या दारापर्यंत नेली. अशा अनेक मातांना आहार आणि व्यायाम एवढाच उपचार पुरतो; थोड्यांना औषध किंवा इन्सुलिन लागते.

तिसरा शत्रू रक्तदाब. गर्भाच्या विसाव्या आठवड्यानंतर काही स्त्रियांचा रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर चढतो आणि बहुधा लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. याचे मूळ पुष्कळ अंशी वारेत आहे. वार नीट रुजली नाही, तर तिच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद राहतात. मूल खुरटते आणि आईचे शरीर बिघडू लागते. पुढची पायरी झटक्यांची. पूर्वी ‘बाहेरची बाधा’ म्हणून अंगारे-धुपारे होत ते याच झटक्यांवर. मॅग्नेशियम सल्फेट या स्वस्त औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, असे २००२ साली तेहेतीस देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीत दिसून आले. परंतु या रोगाचा अंत प्रसूतीनेच होतो, आणि म्हणून आईचा जीव वाचविण्यासाठी डॉक्टरांना कित्येकदा मूल वेळेआधी जन्माला घालावे लागते. पेटीतील पुष्कळ मुले या वाटेने तेथे आलेली असतात. डोके सतत ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, पोटाच्या वरच्या भागी दुखणे, चेहरा आणि हात एकाएकी सुजणे ही चिन्हे दिसली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

बाकीची कारणे थोडक्यात सांगतो. अठरा वर्षांच्या आतले किंवा पस्तिशीनंतरचे गर्भारपण, दोन बाळंतपणांतील अंतर अपुरे असणे, जुळे किंवा तिळे, पूर्वीचे मूल वेळेआधी जन्मलेले असणे, थायरॉइडचा विकार, लघवीतील जंतुसंसर्ग, गर्भजल आधीच फुटणे, ही सर्व धोक्याची स्थळे आहेत. आईचा रक्तगट आर-एच निगेटिव्ह आणि मुलाचा पॉझिटिव्ह असल्यास पुढच्या मुलाला तीव्र कावीळ व पांडुरोग होऊ शकतो. १९६८ पासून उपलब्ध असलेल्या इंजेक्शनाने हे टाळता येते. जवळच्या नात्यातील विवाह तमिळनाडूत पुष्कळ होतात, आणि आपल्याकडेही मामेबहिणीशी लग्न करण्याची चाल आहे; अशा दांपत्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घेणे शहाणपणाचे ठरते.

आपल्याकडील एका सवयीचा उल्लेख मात्र निराळा केला पाहिजे. पुष्कळ स्त्रिया तंबाखूची मिश्री दातांना लावतात आणि तिला व्यसन मानीत नाहीत. मुंबईत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या मुलांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले, आणि वेळेआधी प्रसूतीचे प्रमाणही वाढलेले दिसले. दुसरी गोष्ट आहाराची. ‘मूल मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल’ म्हणून गर्भवतीला बेताचे खाऊ घालणारी घरे अद्याप आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतल्या मातांचा अभ्यास केला. तेथील नवजात मुलांचे सरासरी वजन २·७ किलो, तर इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या मुलांचे साडेतीन किलोच्या आसपास भरले. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे, दूध अधिक वेळा खात, त्यांची मुले वजनाने सरस होती. आणि तिसरी गोष्ट उन्हाची. चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेच्या संशोधकांनी तमिळनाडूतील ८०० गर्भवतींचा अभ्यास केला; तीव्र उष्णतेत कष्ट करणाऱ्या स्त्रियांत गर्भपाताचा धोका सुमारे दुप्पट आढळला. मीठागरात, वीटभट्टीवर किंवा शेतात राबणाऱ्या स्त्रीला ‘उन्हात जाऊ नकोस’ असे सांगून भागत नाही. तिच्या मजुरीची सोय कोणी तरी केली पाहिजे. तमिळनाडूत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाची मातृत्व साहाय्य योजना १९८७ पासून आहे, आणि २०१८ साली तिची रक्कम अठरा हजार रुपये झाली, त्या मागचे तत्त्व हेच.

धोका ओळखून काय साधते, असे कोणी विचारील. एक उत्तर पुरेसे आहे. न्यूझीलंडचे डॉ. लिगिन्स आणि डॉ. हाउई यांनी १९७२ साली दाखवून दिले की, प्रसूती वेळेआधी होणार असे दिसताच आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले, तर गर्भाची फुप्फुसे लवकर पक्व होतात. हे औषध स्वस्त आहे. पण ते जन्मापूर्वी द्यावे लागते, आणि त्यासाठी आई वेळेवर योग्य ठिकाणी असावी लागते. जन्मलेले अशक्त मूल गाडीत घालून शहराकडे धावण्यापेक्षा ते आईच्या पोटात असतानाच शहरी नेणे केव्हाही श्रेयस्कर. मूल हलविण्यासाठी आईच्या उदराइतके सुरक्षित वाहन माणसाने अद्याप बनविलेले नाही.

याच्या उलट, काही मुले विनाकारण पेटीत जातात. २०१९-२१ च्या पाहणीप्रमाणे तमिळनाडूत शंभरांतील जवळजवळ पंचेचाळीस प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या, महाराष्ट्रात पंचवीस. त्यांतील पुष्कळ शस्त्रक्रिया जीव वाचविणाऱ्या असतात, हे खरे. परंतु वैद्यकीय कारण नसताना, केवळ शुभ नक्षत्र साधावे किंवा सोयीचा वार मिळावा म्हणून एकोणचाळीस आठवड्यांच्या आत मूल बाहेर काढले, तर त्याला श्वासाचा त्रास होण्याचा संभव वाढतो. मुहूर्त साधला आणि मूल पेटीत गेले, असा व्यवहार कोणीही करू नये. शिवाय दिवस मोजण्यातच चूक असेल, तर अडतीस समजलेले आठवडे छत्तीसच निघतात. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीने दिवस निश्चित करून घेणे अगत्याचे आहे.

आता एका व्यवहाराच्या गोष्टीकडे वळतो. तमिळ घरांत पाचव्या-सातव्या महिन्यात गर्भवतीच्या हातांत बांगड्या भरण्याचा ‘वळैकाप्पु’ नावाचा सोहळा होतो. आपल्या डोहाळजेवणाचीच ती बहीण. तमिळनाडूत अंगणवाड्यांतून हा सोहळा सामुदायिकरीत्याही करतात, आणि त्या निमित्ताने गर्भवतींना आहार व तपासणीची माहिती देतात. सोहळ्यानंतर मुलगी माहेरी जाते, तेथेही आणि आपल्याकडेही. माया म्हणून ही रीत गोड आहे. पण नेमक्या धोक्याच्या महिन्यांत तिचे डॉक्टर बदलतात, आणि सासरच्या गावची सारी नोंद कपाटात राहते. सहाव्या महिन्यात साखर किती होती, रक्तदाब कधी चढला, रक्तगट कोणता, हे नव्या डॉक्टरला ठाऊक नसते. म्हणून ओटीच्या नारळाबरोबर तपासणीचे कार्डही तिच्या पिशवीत गेले पाहिजे, आणि ते ठेवण्याची आठवण सासू, नवरा, आई, जो कोणी जवळ असेल त्याने केली पाहिजे.

२०१६ पासून देशभर दर महिन्याच्या नऊ तारखेस शासकीय रुग्णालयांत डॉक्टरांकडून गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. जिच्या बाबतीत विशेष धोका आढळतो, तिच्या कार्डावर लाल खूण लावतात. ती लाल खूण पाहून घरातील माणसांनी तोंडे वाकडी करू नयेत. आईची उंची, तिचे बालपणीचे कुपोषण, जुळे राहणे, वार नीट न रुजणे यांतले काहीही तिने मागून घेतलेले नसते. शिवाय धोका म्हणजे निश्चिती नव्हे. लाल खूण असलेल्या बहुसंख्य मातांना सुदृढ मुले होतात, आणि कसलाही धोका न आढळलेल्या आईचे मूलही कधी पेटीत जाते. त्या खुणेचा अर्थ इतकाच की, या बाईकडे आठ दिवस आधी पाहा, तिला दूरच्या उपकेंद्रात प्रसूत होऊ देऊ नका, गाडीची आणि रक्ताची व्यवस्था आधी करून ठेवा.

गाडीची व्यवस्था नवऱ्याने करावयाची, रक्ताची नातेवाइकांनी, इंजेक्शनाची डॉक्टरांनी, आणि हे सर्व हाताशी ठेवण्याची शासनाने. आईच्या वाट्याला यातील एकच काम येते. ते म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदविणे. तेही तिला कोणी सोबत नेले, तरच होते.